परतपाळी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या वस्तीत सगळे भोंगा म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणत असे. तोंडावर मात्र दाजी. वयाने तो माझ्याहून बराच लहान, पण नातं ते नातं. तो रोपवेच्या वरच्या ठाण्यावर यंत्र चालवायचा. डबा सोडताना घंटा वाजायचीच, पण घंटेच्या आधी त्याची आरोळी यायची, "सुटला रे!" ती शाळेत ऐकू जायची, दवाखान्यात ऐकू जायची, आणि खाणीच्या भांडारात मी कारकून होतो तिथेही. समोरच्या कड्यावर आपटून ती परत यायची. लोक म्हणत, भोंग्याला डोंगरसुद्धा उलट उत्तर देत नाही, तो म्हणतो तेच म्हणतो.

त्याच्याबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला लिहायची सवय नाही, पण ते सगळं बघितलेला आणि अजून वर राहणारा मीच उरलो आहे.

आमची वस्ती खाणीमुळे वसली. इतक्या उंचावर की नवा आलेला माणूस पहिले काही दिवस जिना चढतानाही मध्ये थांबून भिंतीला हात लावतो. आम्ही तिथेच जन्मलेले, आम्हाला त्या विरळ हवेचं काही वाटत नसे. उलट थोडी ऐटच होती. खालून आलेला पाहुणा धापा टाकू लागला की आम्ही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो. आजार म्हणजे खालची गोष्ट, असं आम्ही धरूनच चाललो होतो. सर्दी खालून येते, ताप खालून येतो, वर फक्त थंडी.

रोपवेवर मोजकीच माणसं होती. हिवाळ्यात रातोरात चाकांवर बर्फ धरतं. पहिला डबा सोडण्याआधी लोखंडी शिडीवर चढून ते लाकडी हातोड्याने फोडावं लागतं. लोखंडी हातोडा चालत नाही, चाकाला चीर जाते. खांदे भरून येतील असं काम. ते पाळीपाळीने चालायचं. कोणी रजेवर खाली गेला की त्याची पाळी बाकीचे वाटून घेत, आणि तो परत आला की दुसऱ्याच सकाळी सगळी चाकं एकट्याने साफ करी. बाकीचे त्या दिवशी उशिरा उठत. याला परतपाळी म्हणायचे. ती नियमात नव्हती, मुकादमाने कधी सांगितली नव्हती. पण एखाद्याने टाळली, तर शेगडीजवळच्या बाकावर त्याच्यासाठी कोणी सरकून जागा करत नसे. कोणी बोलत काही नसे. एवढंच पुरायचं.

भाचीचं लग्न खाली झालं. भोंगा आणि माझी बहीण लग्नघरी बरेच दिवस राहिले. मुलगी सासरी गेल्यावर दोघं संध्याकाळच्या डब्याने वर आले, आणि दुसऱ्या सकाळी हा हातोडा घेऊन शिडीवर. मुकादम म्हणाला, "अरे, प्रवासाचा शीण तरी जाऊ दे."

"शीण कसला? जेवून जेवून तब्येत वाढलीय. ती इथेच उतरवतो," भोंगा म्हणाला.

त्याने सगळी चाकं साफ केली. दुपारी त्याला कोरडा खोकला सुरू झाला. संध्याकाळी आरोळी द्यायला गेला तर 'सुटला' झालं आणि 'रे' राहून गेलं. बाकावरचे हसले. "लग्नात घसा बसवून आलाय," कोणीतरी म्हणालं.

आम्ही ठरवूनच टाकलं, खालची सर्दी. बहिणीने वाफ दिली, मुकादमाने स्वतःचा मफलर दिला, मी दोन घोंगड्या नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला आडवं होता येईना. पलंगावर उशी मांडीवर घेऊन पुढे वाकून बसला होता. ओठांचा रंग बदललेला. छातीतून बारीक बुडबुड ऐकू येत होती, पातेल्यात आधण येतं तशी. मी विचारलं, "दाजी, डॉक्टरीणबाईंना बोलावू का?" त्याने हातानेच नको म्हटलं. मग खोकल्याबरोबर रुमालावर फेस आला, फिकट गुलाबी. बहीण पायात चप्पल न घालता दवाखान्याकडे पळाली.

डॉक्टरीणबाई आमच्याकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी छातीला नळी लावली आणि लगेच काढली. "ही सर्दी नाही," त्या म्हणाल्या. "यांच्या फुप्फुसात पाणी भरतंय. यांना खाली न्यायचं, आत्ता." तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधून त्याला डब्यात बसवलं. यंत्रावरच्या त्याच्या जोडीदाराने डबा सोडला. आरोळी कोणी दिली नाही.

आम्ही वर जीव मुठीत धरून बसलो. दुसऱ्या दिवशी खालून फोन आला की भोंगा उठून बसलाय आणि खायला मागतोय. औषधपाणी झालंच, पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे तो खाली उतरला होता. आम्हाला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ मनात काहीतरी खुपलं. इथे जन्मलेला माणूस इथे बुडतो आणि खाली नेला की तरतो, हे कुठे बसवायचं ते कळेना.

तो वर आला तो बाईंच्या सांगण्याप्रमाणे. मधल्या ठाण्यावर काही दिवस मुक्काम, मग वर, औषध चालू, आणि बरेच दिवस अंगमेहनत बंद. त्यानंतर बाईंनी आम्हाला तिघांना दवाखान्यात बसवून समजावलं. मला समजलं तेवढं सांगतो. विरळ हवेत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतला दाब वाढतो. आपण इथले, म्हणून आपल्या शरीराला त्याची सवय असते. पण काही दिवस खाली राहिलं की शरीर खालच्या हवेला सोकावतं. मग तोच माणूस वर आला की काहींची फुप्फुसं बिथरतात. त्यात आल्याआल्या जड काम केलं तर दाब आणखी चढतो, बारीक नळ्यांच्या भिंती पाझरू लागतात.

"नुसतं पाणी नाही पाझरत," बाई म्हणाल्या. "रक्तातली प्रथिनंसुद्धा बाहेर पडतात आणि हवेच्या जागी जाऊन बसतात. तो फेस त्याचाच होता."

"प्रथिनं म्हणजे डाळीतली ती?" भोंग्याने विचारलं.

"शरीर बनवतं ती. शेकडो प्रकारची. तुम्ही आजारी होतात तेव्हा त्यातली काही वाढली असतील, काही कमी झाली असतील. शरीर साखर कशी जाळतं, चरबी कशी जाळतं, तेही अशा वेळी बदलतं. तेच आम्ही शोधतोय. कोणाला होतं, कोणाला नाही, आणि रक्तात आधीच काही दिसतं का."

बाईंनी त्या वर्षी खाली जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांचं रक्त गोळा करायला घेतलं. जाण्याआधी थोडं, परत आल्यावर थोडं. नळ्या बर्फाच्या पेटीतून रोपवेनेच खालच्या प्रयोगशाळेत जात. भोंगा स्वतः ती पेटी डब्यात ठेवायचा, मांडीवर मूल ठेवावं तशी, आणि डब्यातल्या माणसाला दम भरायचा, "आडवी करू नकोस, आत मी आहे." दवाखान्यातून बोलावणं आलं की बाही वर करूनच निघायचा. बहीण म्हणायची, "रक्त मागा, लगेच देतील. दोन बादल्या पाणी आणा म्हटलं की ऐकू येत नाही."

त्याला त्या रक्ताची फार आशा होती. एकदा मला म्हणाला, "दादा, एकदा का त्यात काय ते सापडलं ना, की बाई मला सांगतील, जा बाबा बिनधास्त, तुझा तू ये परत." कारण बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं. ज्याला एकदा झालं त्याला पुन्हा होण्याची भीती जास्त. त्याच्या फुप्फुसातला दाबही पूर्वीसारखा खाली आला नव्हता. तासाभरासाठी मधल्या ठाण्यापर्यंत उतरला तर हरकत नाही, पण खाली मुक्काम करून पुन्हा वर येणं त्याच्यासाठी जुगार होता. वर राहायचं तर वरच, आणि गेलात तर खालीच रहा, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. दोन्हींतलं दुसरं बरं, हेही त्या सांगत.

"मग खालीच का जात नाही?" मी त्याला विचारलं.

त्याने चाकाकडे बघितलं. "खाली जाऊन काय करू? तिथे माझ्या आरोळीची गरज कोणाला?" तो म्हणाला. मला ते तेव्हा नीट कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी भाचीला दिवस गेले. बाळंतपणाला माझी बहीण एकटीच खाली गेली. भोंगा गेला नाही. भाचीने फोनवर त्याला विचारलं, "बाबा, माझ्यापेक्षा तो दोर जवळचा का तुम्हाला?" त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. मुलगी झाली. तिचा फोटो त्याने मुकादमाला, जोडीदाराला आणि ओळखपाळख नसलेल्या प्रवाशांनाही दाखवला.

बहीण नातीत रमून बऱ्याच दिवसांनी वर आली आणि तिला काही झालं नाही. दोन दिवसांत पूर्वीसारखी कामाला लागली. बाईंनी तिचंही रक्त घेतलं. तिथूनच तिच्या मनात भरलं असावं की डॉक्टरीणबाई वाजवीपेक्षा जास्त घाबरवतात.

एके सकाळी मी भांडारात जाण्याआधी नेहमीसारखा ठाण्यात शेगडीजवळ बसलो होतो. हवा स्वच्छ होती. बहीण फलाटावर उभी दिसली, हातात लोकरीचं इवलंसं टोपडं. तिथे तिचं काय काम, असं मी मनाशी म्हणतोय तोच खालच्या ठाण्यावरून फोन आला. भोंगा यंत्राजवळ होता, त्याने फोनचा आवाज मोठाच ठेवलेला असायचा.

"भोंग्या, तुझं पार्सल डब्यात बसवून दिलंय. दोन नग. त्यातला एक रडतोय."

"कसलं पार्सल?"

"तुझी पोर आणि तिची पोर. वहिनींनी सांगितलं नाही तुला? मेलो, गुपित होतं वाटतं."

भोंग्याने काचेतून बहिणीकडे बघितलं. मग दोराकडे. डबा अजून मधल्या ठाण्याच्या खालीच होता. त्याने मधल्या ठाण्याचा फोन उचलला. "डबा तुझ्याकडे थांबवतोय. बाई आणि बाळ आहे, दोघींना उतरवून घे. आत बसव, दार लाव." आणि डबा तिथे लागताच हळूहळू दांडा ओढला. एवढं मोठं चाक कण्हत थांबलं.

बहीण आत आली. "अहो, काय करताय? माझी लेक आहे त्यात."

"म्हणूनच."

"मी नाही गेले? मी नाही आले? मला काय झालं?"

"तुला नाही झालं. मला झालं," तो म्हणाला. "ती कोणावर गेलीय?"

नाक, डोळे, चालणं, चिडणं, सगळं बापाचं घेऊन आली, हे बहीणच सगळ्यांना सांगत आली होती. तिने टोपडं मुठीत घट्ट धरलं आणि खाली बसली.

"इथली पोर आहे ती," ती हळू आवाजात म्हणाली.

"इथली होती. आता खालची झालीय. आणि ती छोटी तर इथली कधीच नव्हती."

यंत्र जोडीदाराच्या हाती देऊन तो निघाला. मला म्हणाला, "चला दादा, मामा बरोबर असला की ती जरा कमी बोलते." आम्ही तिघं डब्यात बसलो.

मामा असूनही ती कमी बोलली नाही. मधल्या ठाण्याची खोली म्हणजे दोन बाकं, एक टेबल आणि हीटर. ती बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. डोळे लाल. "माहेरी निघाले होते मी," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेत उतरवलंत. डब्यातली माणसं बघत होती, बाबा. चोराला उतरवतात तसं."

"हो," भोंगा म्हणाला.

"हो काय? तुम्ही येत नाही, मी यायचं नाही. मग भेटायचं कुठे?"

तो बाकावर बसला. श्वास लागला नव्हता, तरी दोन वाक्यांमध्ये तो आता थांबत असे. "तुला मी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खोलीत होतो, कोरड्या पलंगावर. आणि बुडत होतो. तुझी आई समोर उभी होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजाला वाटच नाही. आत सगळं भरलेलं." त्याने बाळाकडे बघितलं. "मी मोठा माणूस, मला खूण तरी करता आली. हिला काय सांगता येणार?"

भाची उभ्या जागी थांबली. मग तिने बाळ त्याच्या हातात दिलं.

मला वाटलं तो तिला खेळवेल. त्याने आधी तिला टेबलावर निजवलं, अंगावरची दुलई बाजूला केली आणि तिच्या छातीला कान लावला. खूप वेळ तसाच वाकून राहिला. बाळाने त्याचे केस धरले, ओढले, तो हलला नाही. बहीण, भाची, मी, तिघंही श्वास रोखून उभे.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. मग तिला उचलून घेतलं.

"बाबा," भाची म्हणाली, "तुम्ही या खाली."

"येईन."

"आणि परत जाऊ नका."

त्याने बाळाची दुलई नीट गुंडाळली. खाली जाणारा डबा आला, मायलेकी बसल्या. बहिणीने खिडकीतून टोपडं आत दिलं. डबा सुटताना मी भोंग्याच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

दुसऱ्याच दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. मलाही घेऊन गेला. एकट्याने ऐकायची हिंमत नसावी. बाई म्हणाल्या की डबा थांबवला ते योग्य केलं. इतक्या लहान बाळाला एकदम इतकं वर आणायचं नसतं, आणि आईलाही धोका होताच.

"ते राहू दे. माझं रक्त काय म्हणतं ते सांगा," भोंगा म्हणाला. "एवढ्या नळ्या भरून नेल्यात."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "तुमच्या रक्तात बदल दिसले. आम्हाला वाटलं होतं तसेच, बरेचसे. पण त्यातले काही बदल तुमच्या बायकोच्या रक्तातही दिसले, आणि त्या ठणठणीत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठला बदल आजाराचा आणि कुठला नुसत्या वर येण्याचा, हे अजून वेगळं करता येत नाही. खूप माणसांचं बघावं लागेल. वर्षं जातील. तुमच्या रक्ताचा त्याला उपयोग होईल, मोठा होईल. पण तुम्ही जाऊन परत आलात तर काय होईल, ते त्यात लिहिलेलं नाही. मला खोटं सांगायचं नाही तुम्हाला."

भोंगा मान डोलावत राहिला. उठताना म्हणाला, "तुम्ही चांगलं सांगितलंत." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं, निकाल लागेल."

काही दिवसांनी त्याने बाकावर सगळ्यांसमोर सांगितलं की आठवडाभर रजा टाकलीय, नात बघून येतो. मुकादमाच्या कपाळाला आठी पडली. "आणि परत येताना?"

"सावकाश येईन. मध्ये थांबत."

"परतपाळीचं नाव काढायचं नाही. मी आत्ताच सांगून ठेवतो. यायचं आणि इथे बाकावर बसायचं."

"बरं," भोंगा म्हणाला. जोडीदाराने थट्टा केली, "नाहीतर आम्ही हातोडा लपवून ठेवू." सगळे हसले. तोही हसला.

निघायच्या दिवशी पहाटे, नुकतं दिसू लागलं होतं तेव्हा, मला हातोड्याने जाग आली. लाकडाचा बर्फावरचा ठोका वेगळा असतो, आधी बोथट आणि मग तडकल्यासारखा. त्या दिवशी पाळी जोडीदाराची होती, पण तो भरभर मारतो. हे ठोके सावकाश होते, मध्ये थांबणारे. मी कानटोपी घालून बाहेर आलो.

भोंगा शिडीवर होता. एक चाक झालं की उतरायचा, जरा टेकायचा, पुढच्या शिडीवर चढायचा. फलाटाच्या कडेला मुकादम उभा होता, अंगावर घोंगडी, पायात बुटांच्या नाड्या सुटलेल्या. शेजारी जोडीदार. त्याचे हात रिकामे होते. तो पुढे जायला निघाला, तर मुकादमाने त्याचा दंड धरला.

"करू दे," मुकादम म्हणाला.

"पण परतपाळी तर आल्यावर—" जोडीदार बोलता बोलता थांबला.

आम्ही तिथेच उभे राहिलो. वर राहून राहून त्याचं अंग तेव्हा या हवेला सरावलेलं होतं, मेहनतीने त्याला काही होणार नव्हतं. हे बाईंनी सांगितलेलं मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो, तरी प्रत्येक ठोक्याला माझं लक्ष त्याच्या खोकल्याकडे. खोकला आला नाही. बर्फाचे तुकडे खाली पडत होते. शेवटचं चाक झाल्यावर त्याने हातोडा पुसला, खुंटीला टांगला आणि आमच्याकडे न बघता घरी गेला.

पहिल्या डब्याला तो आणि माझी बहीण आले. सामान आठवडाभराच्या मानाने जास्त होतं. मुकादमाने त्याचा हात हातात घेतला, म्हणाला, "सावकाश ये हो."

"हो," भोंगा म्हणाला.

बहिणीने माझ्या पाया पडून डोळ्यांना पदर लावला, तेवढ्यावरून मला उरलंसुरलंही कळलं. जोडीदार यंत्राजवळ गेला. घंटेच्या आधी त्याने आरोळी द्यायचा प्रयत्न केला. आवाज मध्येच फाटला. एरवी बाकावर हशा पिकला असता.

आता तो खाली मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो. तब्येत चांगली आहे. फोनवर त्याचा आवाज पुन्हा इतका मोठा येतो की मला फोन कानापासून लांब धरावा लागतो. नात त्याच्या आरोळीला घाबरून रडते, म्हणून घरात त्याला ओरडायची बंदी आहे, असं बहीण सांगते. दर वेळी तो एकच विचारतो, वर बर्फ कितपत आहे. मी म्हणतो, भरपूर. मग तो नातीचं काहीतरी सांगू लागतो.

बाई अजून रक्त गोळा करतात. रजेवरून आलेल्या माणसाला त्यांनी सक्तीने बसायला लावलं आहे, तरी मागच्या हिवाळ्यात एक जण पहाटे गुपचूप शिडीवर चढलेला मुकादमाला सापडलाच. शेगडीजवळच्या बाकावर भिंतीकडच्या कोपऱ्यात, भोंग्याच्या जागी, कोणी बसत नाही. मी बसायला गेलो तरी त्याच्या अलीकडेच टेकतो.